कोरडं धोतर

सकाळी सात वाजता हिरवळीवर धुकं सोडायचं, हे काही पाणीप्रमुखाचं काम नव्हे. पण 'निरभ्र' हॉटेलात ते हर्षदा घोलपच्या गळ्यात पडलं होतं. धुकं पाण्याचं, आणि पाणी तिच्या ताब्यात, म्हणून. तिनं बटण दाबलं की गवतात दडवलेल्या बारीक तोट्यांमधून फुस्स करून पांढरे लोट निघायचे. पाहुणे शाली लपेटून त्यात उभे राहायचे, एकमेकांचे फोटो काढायचे आणि म्हणायचे, "वा! काय निसर्ग आहे इथला!"

निसर्ग डोंबलाचा! चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत याच डोंगरावर हिवाळ्यात असं धुकं उतरायचं, की घाटात एसटीच्या ड्रायव्हरला पुढचा खांब दिसायचा नाही. तेही फुकट. मग ते कमी कमी होत गेलं, दोन हजार एकेचाळीसच्या हिवाळ्यात तर पडलंच नाही, आणि हॉटेलनं तोट्या बसवून घेतल्या. खरं धुकं गेलं कुठं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. खोटं कशाला बोलायचं, तोवर हर्षदानंही विचारलं नव्हतं.

हॉटेलच्या फाटकावर पितळी अक्षरं होती: 'आम्ही धरतीकडून एक थेंबही घेत नाही.' आणि हे शब्दशः खरं होतं. हॉटेलला विहीर नव्हती, बोअर नव्हती, ओढ्याला लावलेली मोटार नव्हती. तरी कड्याच्या टोकापर्यंत काठोकाठ भरलेला पोहण्याचा तलाव होता. प्रत्येक खोलीत छतातून धो धो कोसळणारा 'पावसाचा शॉवर' होता. पाहुणा एक रात्र राहून गेला की खोलीतल्या सगळ्या चादरी आणि टॉवेल धुवायला जायचे, वापरलेले असोत की घडीचे. एवढं सगळं पाणी शिळखिंडीतून यायचं.

या खिंडीच्या पश्चिमेला धरणाचा पसरलेला जलाशय, आणि पूर्वेला हिवरदरा गावाचं काळं रान. दिवस मावळला की जलाशयावरची ओली, गार हवा जमिनीलगत सरकत खिंडीत शिरायची आणि पलीकडे गावावर उतरायची. कंपनीनं त्याच खिंडीत दोन पुरुष उंचीच्या पात्यांच्या रांगा उभ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक पात्यावर एका स्फटिकाचा लेप होता. धातूच्या अणूंच्या गाठी आणि कार्बनी रेणूंच्या काड्या जोडून हा स्फटिक बनतो, त्यामुळे तो आतून नुसता पिंजऱ्यांनी भरलेला असतो. मुठीत मावेल एवढ्या भुकटीतले हे सगळे पिंजरे उलगडून पसरले, तर क्रिकेटचं मैदान पुरणार नाही. हवेतली वाफ रात्रभर या पिंजऱ्यांत शिरून भिंतींना चिकटून बसते. सकाळी पात्यांवर काचेचं झाकण सरकतं, ऊन लागून स्फटिक तापतो, वाफ सोडतो, आणि ती गार नळ्यांवर पाणी होऊन टाकीत पडते. त्याला विजेची गरज फारशी नाही आणि धूर तर नाहीच. हुशारीला नावं ठेवायचं कारण नाही. नावं ठेवायची ती हावरेपणाला.

कंपनी पहिल्यांदा खिंड मागायला आली, तेव्हा हिवरदऱ्याच्या ग्रामसभेत सगळ्यांत आधी उठून उभी राहिली होती ती हर्षदाच. पाणी-अभियांत्रिकी शिकून नुकतीच गावात परतली होती. पाऊस तेव्हाच ताळ सोडून वागायला लागला होता. जूनभर रुसायचा आणि ऑगस्टमध्ये चार दिवसांत सगळी कसर काढून माती वाहून न्यायचा. संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसायचे. दुसऱ्या डोंगरांवर हॉटेलांनी बोअर मारून गावंच्या गावं कोरडी केलेली सगळ्यांनी बघितली होती. हर्षदानं गावाला अट घालायला लावली: जमिनीतला थेंब घ्यायचा नाही, ओढ्याचा घ्यायचा नाही, टँकर आणायचा नाही; एकदा जरी आणला, तरी खिंड गावाला परत.

कंपनीनं हसत हसत मान्य केलं. जो हसत हसत अट मान्य करतो, त्याच्याकडे माणसानं जरा दोनदा बघावं. पण गावानं हर्षदाला गुलालानं माखलं, पोरीनं गावचं पाणी राखलं म्हणून वाजतगाजत घरी आणलं. पुढं कंपनीनं तिलाच नोकरीवर घेतलं. अट पाळली जाते की नाही ते बघायला आपलंच माणूस आत, म्हणून गाव आणखी खूश झालं.

गोष्टीला खरं तोंड फुटलं ते कौस्तुभ सरांमुळं. हे हॉटेलचे मुख्य व्यवस्थापक. आवाज लोण्यासारखा, आणि आपल्या तोंडून नकार निघाला असं समोरच्याला वाटूही न देण्याची कला. पाणी वाचवणाऱ्या हॉटेलांना मोठा बहुमान देणारी एक समिती रविवारी मुक्कामाला यायची होती.

"हर्षदा, तुमच्या वडिलांकडे ते हरभऱ्याचं आंबट पाणी असतं ना?" सरांनी विचारलं.

"आंब, सर."

"तेच! स्वागताला छोट्या ग्लासांतून आंब. पानांवरचं दव, थेट शेतातून. समिती वेडी होईल. पैसे म्हणाल ते देऊ."

ज्यांनी आंब चाखली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, आणि तिच्यातून आम्ल पाझरतं. रात्री पानांवर दव पडलं की ते आम्ल दवात उतरतं. संध्याकाळी पिकावर स्वच्छ सुती कापड पसरून ठेवायचं, सकाळी ते दवानं जड झालेलं असतं, ते पिळायचं. जे निघतं ती आंब. पोटात दुखलं, अजीर्ण झालं की चमचाभर पाण्यातून घ्यायची. तोंड असं वाकडं होतं की दुखणं विसरायला होतं.

हर्षदाचे वडील बबनराव, सगळ्या पंचक्रोशीचे नाना, दर हिवाळ्यात आंब धरायचे. जन्मभर याच घाटात एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. दोन एकर हरभरा आणि एक ठणठणीत जीभ, एवढी त्यांची इस्टेट. कापड म्हणून त्यांच्या वडिलांचं जुनं धोतर, दुसरं कुठलं चालायचं नाही. आणि एक नेम होता: आंब विकायची नाही. अर्ध्या रात्री कुणी पोट धरत आला तरी बाटली काढून द्यायची आणि हात जोडायचे. विकली तर हाताचा गुण जातो, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

हर्षदानं सरांचा निरोप सांगितला तेव्हा नानांनी मिशी चोळली.

"विकायची म्हणतेस?"

"नको असेल तर नाही सांगते, नाना."

"तुझा सायेब हाय. लेकीच्या सायबाला न्हाई कसं म्हणायचं?" नाना म्हणाले. "एकडाव देव बी डोळे झाकंल."

त्या संध्याकाळी त्यांनी धोतर पसरलं. सकाळी उचललं, तर ते जसं पसरलं तसं होतं, खडखडीत. नानांनी दुसऱ्या दिवशी ते खालच्या वावरात पसरलं. तिसऱ्या दिवशी सरपंच निर्मलाताईंच्या रानात, ओढ्याच्या कडेला, जिथं दव हटकून पडायचं. तिथंही कोरडं! मागच्या हिवाळ्यात आंब निम्मी निघाली होती, तेव्हा थंडी कमी पडली म्हणून सोडून दिलं होतं. पण अशी साफ कोरडी रात्र नानांनी जन्मात बघितली नव्हती.

गाव ते गाव. नाना हॉटेलाला आंब विकणार ही बातमी धोतराच्या आधी पसरली होती. "नेम मोडला, दव गेलं," असं कुणीतरी पारावर बोललं आणि दिवस मावळेपर्यंत ते घराघरांत पोचलं. त्यात हरभरा ऐन फुलोऱ्यात. हे पीक पावसाचं नाहीच; जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरायचे. यंदा झाडं माना टाकायला लागली होती. घाटे पोचट राहिले, तर सगळ्या गावाचं वर्ष वाया. ज्यांच्या पोटदुखीला नानांनी रात्री-अपरात्री बाटल्या दिल्या, तेच आता रस्त्यात नानांकडे बघेनासे झाले.

हर्षदा आली तेव्हा नाना बांधावर बसले होते. धोतर मांडीवर घडी करून ठेवलेलं.

"नाना, आत चला. ऊन चढलं."

"चढू दे." त्यांनी वर बघितलं नाही. "बा सांगत होता, पोरी. म्या ऐकलं न्हाई. चार पैशापायी सगळ्या गावाचं दव घालीवलं."

अशा वेळी ज्याचं चुकतं तो मजेत असतो आणि ज्याचं काहीच चुकलेलं नसतं तो आपल्या थोबाडीत मारून घेतो. हर्षदाला रडू आलं आणि रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. ती तशीच हरभऱ्यात उतरली. सकाळच्या वेळी हरभऱ्यात शिरायचं म्हणजे पोटऱ्यांपर्यंत कपडे भिजायचे आणि आंबेनं कातडी चुरचुरायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आज वावराच्या दुसऱ्या टोकाला पोचली तरी सलवारीचा काठ कोरडा होता. चपलेवर नुसता फुफाटा. तिनं पान चिमटीत धरून जिभेला लावलं, तर आंबटपणा जेमतेम होता.

तिनं मान वर केली. समोर खिंड. दिवाळीत कंपनीनं पात्यांच्या आणखी रांगा उभ्या केल्या होत्या, नव्या खोल्यांसाठी. आता खिंडीचं तोंड या कड्यापासून त्या कड्यापर्यंत बंद होतं. तिथंच तिच्या डोक्यात चक्र फिरलं.

दव म्हणजे आकाशातून पडणारी वस्तू नव्हे. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आभाळाला देऊन टाकतं आणि हवेपेक्षा गार होतं. हवेत पुरेशी वाफ असली, तर एका ठरावीक थंडीला ती पानावर पाणी होऊन बसते. या थंडीला दवबिंदू म्हणतात. हवा जितकी कोरडी, तितका दवबिंदू खाली. मग पान कितीही गारठलं तरी तिथवर पोचत नाही आणि सकाळी कोरडंच उठतं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हिशेब केला होता तो सगळ्या आभाळाचा. आभाळात पाणी अमाप, त्यातलं आपण घेतो ते चिमूटभर. गणित बरोबर होतं. पण हिवरदऱ्याच्या पानांना सगळं आभाळ कधीच मिळत नव्हतं. त्यांना मिळत होती खिंडीतून जमिनीलगत येणारी ओल्या हवेची एक पट्टी, आणि ती आता पलीकडून निघायची ओली आणि अलीकडे पोचायची पिळून काढलेली.

म्हणजे हिरवळीवर ती रोज सकाळी जे फवारत होती, ते या वावरावरचं दव होतं. स्वतःच्या बापाचं दव ती पाहुण्यांच्या फोटोंसाठी उडवत होती!

तिनं नानांना सगळं समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"हवा कुणी चोरतं व्हय? माजं मन राखायला सांगतियास तू."

"नाना, मन राखायला मी शास्त्र कशाला सांगू?"

"मग दाव," नाना म्हणाले. "धोतर भिजवून दाव. मग मानीन."

हॉटेलात कौस्तुभ सरांनी तिला बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि सगळं ऐकून घेतलं. मधेमधे "हं, हं," असंही म्हणाले.

"तुमच्या भावना मला समजतात, हर्षदा."

"भावना नाही सर, हवेची आर्द्रता आहे. मी खिंडीच्या दोन्ही बाजूंनी मोजून आणलीय."

"असेल. पण हवेवर कुणाचा सातबारा असतो का? उद्या तुमचं गाव म्हणेल, ऊनही आमचं." ते हसले. "आणि अट तर तुम्हीच घातलीत ना? जमिनीतला थेंब नाही, ओढा नाही, टँकर नाही. आम्ही शब्द पाळला. हवा नाही, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही."

त्या दिवशीचा गुलाल जणू आत्ता हर्षदाच्या डोळ्यांत गेला. विहिरीच्या काठावर काठ्या घेऊन राखण करत बसलं होतं सगळं गाव, आणि चोर डोक्यावरून निघून गेला होता.

"पाती बंद करा असं म्हणत नाही," ती शेवटी म्हणाली. "घाटे भरेपर्यंत रात्रीची वाऱ्याच्या रोखानं वळवून ठेवू, म्हणजे हवा मधून निघून जाईल. टाक्यांत साठा आहे. तलाव यंदा भरायचा नाही, धुकं बंद, शॉवर बंद. पिण्याला, स्वयंपाकाला आणि आंघोळीला माणशी एक बादली, एवढं नक्की पुरतं. वर उरेल."

"बादली?"

"हो. एका शॉवरच्या आंघोळीत दहा बादल्या जातात, सर. माणूस एका बादलीतही तितकाच स्वच्छ होतो."

सरांच्या चेहऱ्यावरचं लोणी पहिल्यांदाच जरा वितळलं. "आपले पाहुणे इथं बादलीनं आंघोळ करायला येत नाहीत, हर्षदा. आणि समिती तर मुळीच नाही."

"समिती पाणी वाचवल्याचंच बक्षीस द्यायला येतेय ना?"

"म्हणूनच तर!" सर म्हणाले. आपण काय बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "बक्षीस घेताना टंचाई दाखवायची नसते."

आता याला काय म्हणावं? पाणी वाचवलं म्हणून सत्कार, आणि सत्काराला वाचवलेलं पाणी धो धो ओतून दाखवायचं! हर्षदा उठली. तिच्यातली गुणी नोकरदार बाई त्या खुर्चीतच राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

शनिवारी दुपारी तिनं जे केलं ते लपवून केलं नाही. पात्यांना केव्हा विश्रांती द्यायची, हा अधिकार पाणीप्रमुखाचा होता. लेप टिकावा म्हणून वर्षातून काही रात्री पाती वळवून ठेवावी लागतच. तिनं सगळ्या विभागांना कळवलं: आज संध्याकाळपासून पाती विश्रांतीला, धुकं, तलाव आणि शॉवर बंद, टाक्यांत माणशी बादलीभर आंघोळीचं पाणी राखलेलं आहे, बादल्या आणि तांबे भांडारातून घ्यावेत. मग खिंडीत जाऊन तिनं एकेक रांग वळवली. करकर करत पाती वाऱ्याच्या रोखानं वळत गेली आणि फटींमधून पलीकडचा जलाशय दिसायला लागला. दिवाळीपासून तो तिथून कुणाला दिसलाच नव्हता.

सरांचा फोन तिथंच आला. लोणी संपलं होतं. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? सोमवारी तुम्ही कामावर नसाल!"

"सोमवारी काढा, सर. पण पात्यांचा ताबा मुख्य कार्यालयाच्या हुकमाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, आणि आज शनिवार आहे, ते सोमवारीच उघडेल." तिचा आवाज थरथरत होता. नोकरी काही कुणाला झाडावर मिळत नाही. "पाहुण्यांना खरं सांगा. खाली एका गावाचं पीक वाचवायला आम्ही आज बादलीनं आंघोळ करतोय, असं सांगा. कोण नाही म्हणेल?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

रविवारी उजाडलं तेव्हा हर्षदाच्या आधी नाना वावरात पोचले होते. ती धावतच गेली, आणि निम्म्या वाटेवर तिचा पाय घसरला. बांधावरचं गवत निसरडं झालं होतं! तिनं खाली बघितलं, तर सलवार पोटऱ्यांपर्यंत भिजून पायाला चिकटलेली, आणि कातडी चुरचुरत होती. असली चुरचुर आजवर कुणाला एवढी गोड लागली नसेल. पानापानावर टिपूस होता, कोवळ्या उन्हात नुसतं लखलखत होतं सगळं रान.

नाना धोतराजवळ उभे होते, पण हात लावत नव्हते.

"उचला की, नाना."

"तूच उचल. माजा हात नको."

"तुमचाच हात लागणार," हर्षदा म्हणाली. "उचला."

नानांनी वाकून धोतर दोन्ही हातांनी गोळा केलं. ते जड लागलं तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पिळा घातला आणि पितळेच्या वाडग्यात धार पडली. पिवळसर, आंबूस वासाची. नानांनी बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले, सगळं तोंड सुरकुतलं, आणि त्या सुरकुत्यांतून पाणी ओघळलं. ते आंबेमुळं नव्हतं.

"म्हंजी म्या न्हाई घालीवलं," ते हळूच म्हणाले.

"नाही, नाना. तुम्ही नाही."

"मग त्या भाड्यांनी आठ दिस मला देवाम्होरं नाक घासाया लावलं?" आणि नानांची जीभ परत आली. हॉटेलच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी दुसरा पिळा घातला. निर्मलाताई आपल्या वावरातून भिजल्या लुगड्यानं हाका मारत येत होत्या, मागं आणखी दहा-वीस माणसं. सगळ्यांची पावलं ओली. कालपर्यंत नानांकडे पाठ फिरवणारे आता मान खाली घालून वाडग्याकडे बघत होते.

एवढ्यात नानांनी हात वर केला. "गप! ऐका."

घाटातून घरघर येत होती. एव्हाना रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या विजेवर चालायच्या, मुंगीएवढाही आवाज न करता. हा आवाज जुन्या डिझेलचा होता.

"टँकर हाय," नाना म्हणाले.

"कशावरून?"

"अगं, जलम गेला या घाटात. रिकामी गाडी तिसऱ्यावर चढती. ह्यो दुसऱ्या गिअरवर रडतोय. भरल्याला हाय, काठोकाठ."

टँकर. अट सगळ्या गावाला तोंडपाठ होती. हर्षदाला आधी खरंच वाटेना. टाक्यांत पाणी होतं! तिनं स्वतः राखून ठेवलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की पाणी होतं, पण ते बादलीतलं होतं.

खिंडीखालच्या वळणावर सगळं गाव रस्त्यात उभं राहिलं. पुढं नाना, ओलं धोतर खांद्यावर. टँकरवाल्यानं नानांना ओळखलं आणि करकचून ब्रेक मारला. टाकीच्या झाकणातून पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलं. पाठोपाठ वरून कौस्तुभ सरांची गाडी आली. त्यांचे स्वतःचेच केस साबणानं चिकटलेले होते. बहुधा शॉवरच्या नळीत उरलेलं पाणी मधेच आटलं असावं.

"ही अडवणूक आहे," सर म्हणाले. "एकच टँकर आहे. एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"अट काय व्हती?" निर्मलाताईंनी विचारलं. सरांना नाही, मागं वळून गावाला.

"एकदा जरी आणला," सगळं गाव एका सुरात म्हणालं, "तरी खिंड परत!"

"पाणी या बाईंनी बंद केलं! आणीबाणी त्यांनी निर्माण केली!"

"पाणी होतं, सर," हर्षदा पुढं झाली. आता तिचा आवाज थरथरत नव्हता. "पिण्याला होतं, स्वयंपाकाला होतं, प्रत्येक पाहुण्याला एक बादली होती. बादल्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या. तुम्ही त्या पाहुण्यांना दाखवल्या तरी का?"

सर खालच्या आवाजात, एखादी घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "एवढ्या मोठ्या लोकांना… बादली कशी देणार होतो मी?"

आणि एवढंच होतं ते. गावाचं दव, नानांचा आठ दिवसांचा जाच, वाळत चाललेली झाडं, या सगळ्याच्या पलीकडच्या टोकाला एका माणसाला वाटलेली बादलीची लाज होती. नानांनी खांद्यावरचं धोतर सावरलं.

"सायेब, आवं, त्या एका बादलीपायी खिंड घालीवली तुमी?"

सर गाडीत बसले. वकिलांना, कोर्टाला, वरच्या लोकांना, जिथं जिथं फोन करायचे ते त्यांनी तिथंच सुरू केले. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण निर्मलाताईंनी खिंडीच्या तोंडाशी माणसं बसवली, आणि घाटे भरेपर्यंत पाती तशीच वळवलेली राहणार हे त्या माणसांकडे बघूनच कळत होतं.

टँकरवाला मात्र अडकून पडला. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "नाना, मी ह्या पाण्याचं काय करू? तुमच्या गावच्या टाकीत ओतू का?"

गर्दीतल्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत चमक आली. विहिरींचे तळ सगळ्यांनाच ठाऊक होते.

"भरलास कुठं?" नानांनी विचारलं.

"खालच्या वाडीला. हापशाजवळच्या विहिरीवर."

"तितं बाया हंडे घिऊन उभ्या व्हत्या का?"

टँकरवाल्यानं खाली बघितलं.

"मग जितनं आणलंस तितंच निऊन ओत," नाना म्हणाले. मग वळण अरुंद आणि खाली दरी, म्हणून जन्मभराच्या सवयीनं टँकरच्या मागं जाऊन उभे राहिले, ओलं धोतर उंच धरून हलवायला लागले आणि ओरडले, "सावकाश… येऊ दे… येऊ दे मागं… आणखी येऊ दे!"